दिवस गेल्यावर दम्याचा पंप बंद करावा का? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

दमा आणि गरोदरपण या विषयावर आलेल्या पत्रांपैकी काही या वेळी घेतली आहेत. लिहिणारी माणसे वेगवेगळी असली तरी भीती एकच दिसते: औषध बाळाला बाधेल. म्हणून पहिल्या पत्राचे उत्तर सविस्तर दिले आहे. बाकीच्या उत्तरांची मुळे तिथेच आहेत.

प्रश्न : पाळी चुकली, चाचणी केली आणि त्याच दिवशी ब्यूडेसोनाइडचा, म्हणजे रोज ओढायच्या स्टिरॉइडचा, पंप बंद केला. सकाळ-संध्याकाळ २०० मायक्रोग्रॅम घेत होते. आता सातवा आठवडा चालू आहे. सालब्यूटामॉलचा पंप पूर्वी महिन्यातून एखाद्या वेळी लागायचा, आता रोज लागतो. रात्री खोकल्याने जाग येते. सासूबाई म्हणतात, स्टिरॉइड ते स्टिरॉइडच. पहिले तीन महिने कसेबसे काढून मग पंप सुरू केला तर चालेल का?

उत्तर : नाही चालणार. पंप आजच, पूर्वीच्याच मात्रेत सुरू करा आणि या आठवड्यात डॉक्टरांना दाखवून या. सालब्यूटामॉल, म्हणजे धाप लागल्यावर तात्पुरता आराम देणारे औषध, रोज लागणे आणि रात्रीची झोप मोडणे, ही दोन्ही दमा हाताबाहेर चालल्याची लक्षणे आहेत.

आधी बाळाच्या बाजूने पाहू. पोटातले बाळ स्वतः हवा घेत नाही. वारेतून तुमच्या रक्तातला जेवढा प्राणवायू पलीकडे जाईल, तेवढाच त्याच्या वाट्याला येतो. तुमच्या धमनीतल्या रक्तात प्राणवायूचा दाब साधारण १०० मिलिमीटर असतो. वारेकडून बाळाकडे जाणाऱ्या रक्तात मात्र सगळे सुरळीत असतानाही तो ३० ते ३५च्या आसपासच असतो. बाळाचे रक्त एवढ्यावर भागवण्यासाठीच घडलेले असते, पण त्याच्यापाशी राखीव साठा फारसा नसतो. आईला 'जरा धाप लागते आहे' एवढेच वाटते, तेव्हा बाळाला ती घट आईपेक्षा जास्त जाणवत असते. दमा आटोक्यात नसला तर वेळेआधी प्रसूती, कमी वजनाचे बाळ आणि आईचा रक्तदाब वाढून होणारी गुंतागुंत यांचे प्रमाण वाढते. दमा नीट आवरलेला असला तर हा धोका बराच खाली येतो.

आता औषधाच्या बाजूने. तुमची दिवसाची मात्रा ४०० मायक्रोग्रॅम, म्हणजे अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षाही कमी. ती थेट श्वासनलिकेवर पडते. जो भाग घशात राहून गिळला जातो, त्यातला सुमारे नव्वद टक्के यकृतच निकामी करून टाकते. रक्तात उरते ते थोडे आणि वारेपलीकडे जाते ते त्याहून थोडे. ओढायच्या स्टिरॉइडांपैकी गरोदर स्त्रियांच्या वापराची सर्वांत जास्त माहिती ब्यूडेसोनाइडचीच आहे आणि तिच्यात जन्मजात व्यंगांचे प्रमाण वाढलेले दिसत नाही. बेक्लोमेथासोन आणि फ्लुटिकासोन यांबद्दलही दिलासा देणारीच माहिती आहे. त्यामुळे यांपैकी कोणताही पंप चालू असेल आणि त्याने दमा शांत असेल, तर दिवस गेले म्हणून तो बदलायचे कारण नाही.

पंप बंद ठेवून दम्याचा झटका आला, तर काय होईल तेही पाहा. तेव्हा प्रेडनिसोलोनच्या गोळ्या द्याव्या लागतात, सर्वसाधारणपणे रोज ४० मिलिग्रॅम, पाच ते सात दिवस. म्हणजे एकाच झटक्यात २०० ते २८० मिलिग्रॅम, तेही पोटातून सगळ्या शरीरात. दोन्ही औषधांची ताकद वेगळी असल्याने नुसत्या वजनावरून बरोबरी करता येत नाही हे खरे, पण अंदाज यायला हे आकडे पुरेसे आहेत. थोडे स्टिरॉइड टाळायला जावे आणि पुष्कळ घ्यावे लागावे, हे या निर्णयाचे नेहमीचे फळ असते.

सासूबाईंना एवढे सांगा की दंड फुगवण्यासाठी घेतली जाणारी स्टिरॉइडे आणि दम्याची स्टिरॉइडे यांचे फक्त कुळाचे नाव एक आहे. आपल्या मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी रोज जे कॉर्टिसॉल तयार करतात, त्याच्या जातीचे हे औषध आहे. याची सवयही लागत नाही. बंद केल्यावर त्रास परत येतो, कारण श्वासनलिकांची सूज तिथेच असते आणि औषधाने ती दबलेली असते.

'पहिले तीन महिने' या हिशेबातली आणखी एक चूक. गरोदरपणात दमा बळावतो तो बहुतेक २४ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान. त्या टप्प्यात शिरताना श्वासनलिका आधीच सुजलेल्या असतील, तर साधी सर्दीही पुरते. बंद केलेला पंप पुन्हा सुरू केला तरी पूर्ण गुण यायला काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे लागतात. म्हणूनच आज सुरू करा म्हणतो. या नऊ महिन्यांत मात्रा कमी करून पाहण्याचा प्रयोगही नको. तो बाळंतपणानंतर करता येतो. दर चार ते सहा आठवड्यांनी दम्यासाठी वेगळी तपासणी मात्र करून घ्या.

प्रश्न : पत्नीच्या पंपासोबतच्या कागदावर लिहिले आहे की गरोदरपणात 'फायदा धोक्यापेक्षा जास्त असेल तरच वापरावे'. इंटरनेटवर सालब्यूटामॉल 'सी' वर्गात दिसते. मग डॉक्टर सुरक्षित कसे म्हणतात?

उत्तर : कागदावरचे ते वाक्य जवळपास प्रत्येक औषधावर असते, कारण नव्या औषधांच्या चाचण्यांत गरोदर स्त्रियांना सहसा घेत नाहीत. ए, बी, सी, डी, एक्स ही अक्षरे अमेरिकेच्या औषध प्रशासनाची. लोक त्यांना परीक्षेतल्या श्रेणीसारखे वाचू लागले. प्रत्यक्षात 'सी'मध्ये प्राण्यांत धोका दिसलेली औषधे होती आणि ज्यांच्यावर पुरेसा अभ्यासच झालेला नव्हता तीही होती. या गोंधळामुळे २०१५पासून ती पद्धत काढून टाकली गेली. जुनी पाने मात्र इंटरनेटवर तशीच फिरत आहेत. सालब्यूटामॉल अनेक दशके गरोदर स्त्रियांना दिले जात आहे आणि झटका आल्यावर पहिले औषध तेच.

आणखी एक आकडा लक्षात असू द्या. कोणतेही औषध न घेतलेल्या गरोदरपणांतही शंभरांत सुमारे तीन बाळांत काही ना काही जन्मजात दोष आढळतो. हे ठाऊक नसले की पुढे जे काही होईल त्याचा दोष पंपावर जातो आणि आई आयुष्यभर स्वतःला कोसत राहते.

प्रश्न : मी फॉर्मोटेरॉल-ब्यूडेसोनाइडचा एकत्र पंप, रात्री माँटेलुकास्ट आणि कधीकधी थिओफायलिनची गोळी घेते. मूल हवे आहे. यातले काय चालेल?

उत्तर : दिवस जाण्याआधी विचारलेत हे फार चांगले केलेत. एकत्र पंप चालू ठेवा. फॉर्मोटेरॉल किंवा साल्मेटेरॉल स्टिरॉइडसोबत असेल तोवर हरकत नाही. श्वासनलिका बराच वेळ मोकळ्या ठेवणारी ही औषधे दम्यात स्टिरॉइडशिवाय एकटी कधीच घेऊ नयेत, गरोदर असा वा नसा. माँटेलुकास्टने खरोखर फरक पडत असेल तर चालू राहू शकते, मात्र पंपाच्या जागी ते पुरेसे नाही. त्याने झोप बिघडणे, चिडचिड किंवा उदासी आली, तर लगेच डॉक्टरांना कळवा.

थिओफायलिनबद्दल आम्ही जरा हात आखडता घेऊ. त्याची उपयोगी मात्रा आणि त्रासदायक मात्रा यांत अंतर थोडे असते. शेवटच्या तीन महिन्यांत शरीर ते हळू बाहेर टाकते, म्हणून तीच गोळी जास्त पडू लागते. मळमळ, छातीत धडधड, हात थरथरणे ही त्याची खूण, आणि गरोदरपणात मळमळीला दुसरे कारण असतेच, त्यामुळे ती नजरेतून निसटते. घ्यावेच लागले तर रक्तातली पातळी दर मिलिलिटरला ५ ते १२ मायक्रोग्रॅम राहील अशी तपासत राहावे लागते. एरिथ्रोमायसिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनसोबत ही पातळी आणखी चढते. पंपाची मात्रा नीट बसवली तर ही गोळी बहुधा लागतच नाही. तसे करता येईल का, हे दिवस जाण्याआधीच डॉक्टरांशी बोलून घ्या.

प्रेडनिसोलोनचे तुम्ही विचारले नाही, पण ते सांगायला हवे. वारेत एक विकर (एन्झाइम) असते, ते या औषधाचा बहुतेक भाग मोडून टाकते. बाळापर्यंत सुमारे दहावा हिस्सा पोहोचतो. पहिल्या तीन महिन्यांत घेतल्यास ओठ-टाळू दुभंगण्याचे प्रमाण किंचित वाढते असे काही जुन्या अभ्यासांत दिसले होते, पण तो दोष मुळातच हजारात एखाद-दुसऱ्या बाळात असतो. जोराच्या झटक्यात गोळी रोखून धरणे त्याहून कितीतरी धोक्याचे. दीर्घकाळ घ्यावी लागली तर रक्तातली साखर आणि रक्तदाब वरचेवर तपासावा.

प्रश्न : सुनेला पाचवा महिना लागला आहे. जिना चढली की धाप लागते. दमा वाढला म्हणायचा की पोटाचे ओझे?

उत्तर : पाचव्या महिन्यात पोटाचे ओझे एवढे नसते. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे गरोदर स्त्रीचा प्रत्येक श्वास खोल होतो, आणि हवा पुरत नसल्यासारखे निरोगी बायकांनाही वाटते. अशा धापेत घरघर नसते, खोकला नसतो, रात्री जाग येत नाही आणि पंप ओढून काही फरक पडत नाही.

शंका राहिली तर पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकरीचा वेग मोजणारे छोटे उपकरण, वापरावा. पोट वाढले तरी फुंकरीचा वेग फारसा बदलत नाही, हाच त्याचा उपयोग. सुनेने सकाळी आणि संध्याकाळी उभे राहून, पूर्ण श्वास भरून, ओठ घट्ट मिटून एका झटक्यात फुंकावे. तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा वहीत लिहावा. दमा शांत असतानाचा तिचा सर्वोत्तम आकडा ४०० असेल, तर ३२०च्या वर ठीक, ३२० ते २०० या पट्ट्यात औषध वाढवण्यासाठी डॉक्टरांना फोन, आणि २००च्या खाली थेट दवाखाना. मात्र धाप अचानक आली, छातीत दुखू लागले, एक पाय सुजला किंवा खोकल्यातून रक्त आले, तर मीटरच्या नादी न लागता लगेच रुग्णालय गाठा. फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकण्याचा धोका या काळात वाढलेला असतो.

प्रश्न : घरी झटका आला तर नेमके काय करायचे? किती वेळ वाट पाहायची?

उत्तर : तिला ताठ बसवा, किंचित पुढे झुकलेली. उताणी झोपवू नका. पोटाच्या भाराने मोठी रक्तवाहिनी दाबली जाते आणि श्वासही कोंडतो. सालब्यूटामॉलचा १०० मायक्रोग्रॅमचा पंप स्पेसरला, म्हणजे पंप आणि तोंड यांच्या मधल्या प्लास्टिकच्या नळीला, लावा. हलवा, एक पफ सोडा, चार ते सहा श्वास स्पेसरमधूनच घेऊ द्या, मग दुसरा पफ. असे चार ते सहा पफ. दोन-तीन पफ एकदम सोडले तर औषध नळीच्या भिंतींना चिकटून वाया जाते.

वीस मिनिटांत मोकळे वाटले नाही, किंवा वाटून चार तासांच्या आत पुन्हा तसेच झाले, तर पुन्हा तेवढेच पफ द्या आणि निघा. 'सकाळपर्यंत पाहू' असे इथे म्हणू नका. एक वाक्य एका दमात बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, बोटाला लावायच्या यंत्रावर प्राणवायू ९५ टक्क्यांच्या खाली असेल किंवा बाळाची हालचाल कमी वाटत असेल, तर पहिल्या वीस मिनिटांचीही वाट पाहू नका. वाटेतही पफ चालू ठेवा. ते यंत्र नखांना रंग असल्यास चुकते आणि सावळ्या कातडीवर कधीकधी प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवते. तेव्हा ९५ दिसले आणि माणूस मात्र धापा टाकतो आहे, तर माणसावर विश्वास ठेवा.

ज्यांना फॉर्मोटेरॉल-ब्यूडेसोनाइडचा एकच पंप रोजच्यासाठी आणि झटक्यासाठीही दिला आहे, त्यांनी एक पफ घ्यावा, काही मिनिटे थांबून गरज पडल्यास दुसरा. नेहमीचे धरून दिवसाला एकूण बारांच्या वर जाऊ नये. साल्मेटेरॉलच्या पंपाने हे करू नका, तो झटक्यासाठी नाही.

रुग्णालयात दम्याचा डॉक्टर भेटेलच असे नाही, म्हणून दोन गोष्टी सांगून ठेवतो. प्राणवायू ९४ ते ९८ टक्के राखायचा असतो. आणि गरोदर स्त्रीच्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचा दाब एरवीच ३० मिलिमीटरच्या आसपास असतो. झटक्यात तो ४० आला, तर तो आकडा 'नॉर्मल' समजायचा नाही. श्वास घेऊन घेऊन ती थकत चालली आहे, असा त्याचा अर्थ.

प्रश्न : पंप नियमित घेते, तरी गुण नाही. मात्रा वाढवावी का?

उत्तर : आधी पंप कसा घेता ते कोणाला तरी समोर बसून पाहायला सांगा. फवाऱ्याच्या पंपाचा श्वास संथ आणि खोल हवा. पुडीच्या, म्हणजे कोरड्या भुकटीच्या उपकरणात तो जोरात आणि झटकन हवा. दोन्ही प्रकार घरात असले की हीच अदलाबदल होते. भुकटीच्या उपकरणात तोंड लावून उच्छ्वास सोडला तर दमटपणाने पूड चिकटते. कॅप्सूल असेल तर ती उपकरणात घालायची असते, गिळायची नाही. औषध ओढल्यावर दहा सेकंद श्वास रोखायचा आणि शेवटी चूळ भरून थुंकायची. नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात आणि आवाज बसतो.

शेवटच्या महिन्यांत खोल श्वास आणि पंप दाबणे यांचा मेळ बसत नाही, तेव्हा स्पेसर घ्याच. तो आठवड्यातून एकदा भांड्याच्या साबणाच्या पातळ पाण्यात बुडवून काढा आणि पुसू नका, तसाच वाळू द्या. कापडाने पुसला की प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतींना चिकटते. पंप रिकामा झाला तरी नुसता फवारा येत राहतो. मोजणी नसलेल्या पंपावर सुरू केल्याची तारीख लिहून ठेवा.

याउपरही त्रास असेल तर नाक आणि पोट पाहा. नाक चोंदणे आणि आंबट वर येणे ही दोन्ही गरोदरपणात वाढतात आणि दोन्ही खोकला वाढवतात. नाकाला मिठाच्या पाण्याचे फवारे चालतात. नाक मोकळे करणाऱ्या स्यूडोएफेड्रिनच्या गोळ्या पहिल्या तीन महिन्यांत टाळा. घरात कोणी सिगारेट ओढत असेल, तर मात्रा कितीही वाढवून उपयोग नाही.

प्रश्न : सातव्या महिन्यात रक्तदाब वाढला म्हणून लॅबेटॅलॉल दिले, आणि लहान ॲस्पिरिन आधीपासून आहे. तेव्हापासून छाती आवळते.

उत्तर : आजच डॉक्टरांना फोन करून 'मला दमा आहे' हे पुन्हा सांगा. लॅबेटॅलॉल ज्या गटातले आहे, तो गट श्वासनलिका मोकळ्या ठेवणारी यंत्रणाच अडवतो. सालब्यूटामॉलचा परिणामही त्याने बोथट होतो. रक्तदाबासाठी निफेडिपिन आणि मिथाइलडोपा हे पर्याय आहेत. गोळी बदलून घ्या, पण रक्तदाब उपचाराविना ठेवू नका. त्याच दिवशी दुसरी गोळी सुरू व्हायला हवी.

लहान ॲस्पिरिन बहुतेक दमेकऱ्यांना चालते. नाकात वारंवार मांस वाढणाऱ्यांना, किंवा पूर्वी एखाद्या वेदनाशामकाने दमा उसळलेल्यांना चालत नाही. अशांना बाळंतपणानंतर डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनही नको. दुखण्यावर पॅरासिटामॉल घ्यावे.

प्रश्न : दम्यामुळे सिझेरियनच करावे लागते का? कळांच्या वेळी झटका आला तर?

उत्तर : नुसत्या दम्यामुळे सिझेरियन लागत नाही. कळांच्या वेळी मोठा झटका क्वचितच येतो. रोजचा पंप त्या दिवशीही घ्या आणि सालब्यूटामॉल उशाशी ठेवा.

फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून घ्या: 'दमा आहे. कार्बोप्रोस्ट नको.' बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवण्यासाठी हे इंजेक्शन वापरतात आणि त्याने श्वासनलिका घट्ट आवळतात. त्याच कामाचे एर्गोमेट्रिनही जपून. ऑक्सिटोसिन चालते. भुलेची गरज पडली तर पूर्ण भुलेपेक्षा पाठीतून दिलेली बरी. जी आई आधीचे काही आठवडे रोज प्रेडनिसोलोन घेत आली आहे, तिला कळांच्या काळात शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन द्यावे लागते, कारण तिच्या स्वतःच्या ग्रंथी त्या वेळी मंदावलेल्या असतात. आणि शेवटच्या दिवसभरात सालब्यूटामॉल फार वेळा द्यावे लागले असेल, तर बाळाची साखर पहिल्या चोवीस तासांत तपासायला सांगा.

प्रश्न : अंगावर पाजताना पंप चालतो का?

उत्तर : चालतो, प्रेडनिसोलोनही चालते. थिओफायलिन घेणाऱ्या आईचे बाळ किरकिरे झाले किंवा झोपेनासे झाले, तर आईच्या रक्तातली पातळी तपासावी. गरोदरपणात दमा वाढला किंवा घटला असेल, तर साधारण तीन महिन्यांत तो पूर्वपदावर येतो. मात्रेचा फेरविचार तेव्हा करा.